दगडाची राख आणि विमानाची वाट



शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या शेतकरी मंडळींशी आणि गावोगावच्या शिक्षकांशी आज मला राखेविषयी बोलायचे आहे. राख म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे घरची चूल येईल. दौंडकडच्या माणसाला गुऱ्हाळाचे चुलवाण आठवेल, नाही तर साखर कारखान्याचे धुराडे. गळिताच्या दिवसांत दोरीवर वाळत टाकलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काळे कण येऊन बसतात, ती राख तुम्ही चांगली ओळखता. मी ज्या राखेविषयी बोलणार आहे ती मात्र कशाच्याही जळण्यातून झालेली नाही. ती दगडाची राख आहे. जमिनीवरच्या माणसाला ती त्रास देतेच, पण आकाशातल्या विमानाचा ती जीव घेऊ शकते.

हा विषय आताच का, असे कोणी विचारील. त्याला कारण घडले आहे. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी, रविवारी, आफ्रिकेतल्या इथिओपिया देशात अफार नावाच्या उजाड मुलखात हायली गुब्बी हा ज्वालामुखी फुटला. गेल्या दहा-बारा हजार वर्षांत तो फुटल्याची कसलीही नोंद नव्हती. त्याची राख आकाशात सुमारे चौदा किलोमीटर उंच गेली, तांबडा समुद्र ओलांडून येमेन आणि ओमानवरून अरबी समुद्राकडे आली, आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, गुजरातच्या आकाशात शिरली. तिथून राजस्थान आणि रात्री अकराच्या सुमारास दिल्ली. मुंबईहून जेद्दा, कुवेत, अबुधाबी अशा गावांना जाणारी काही विमाने रद्द झाली. केरळातल्या कन्नूरहून अबुधाबीला निघालेले एक विमान वाटेतूनच अहमदाबादला आणून उतरवले. एअर इंडियाने राखेच्या टापूवरून आलेली आपली काही विमाने तपासणीसाठी उभी करून ठेवली, त्यामुळे मुंबई-हैदराबाद, मुंबई-कोलकाता अशा देशातल्या फेऱ्याही बुडाल्या.

आता आपला शेतकरी म्हणेल, "अहो, इथे आकाश तर निरभ्र होते. कांद्याच्या पातीवर राखेचा एक कण पडला नाही. मग एवढा गाजावाजा कशाला?" प्रश्न रास्त आहे. राख होती ती फार उंचावर, साधारण पंचवीस हजार ते पंचेचाळीस हजार फुटांच्या पट्ट्यात. कळसूबाईवर कळसूबाई अशा सात रचल्या तर सदतीस-अडतीस हजार फूट होतात. तेवढ्या उंचीवरची विरळ राख खाली येईतो वाऱ्याने देशोधडीला लागते. जमिनीवरच्या हवेवर तिचा विशेष परिणाम नाही असे हवामान खात्यानेही त्या वेळी सांगितले होते. पण लांब पल्ल्याची प्रवासी विमाने नेमकी त्याच उंचीवरून जातात. राखेची वाट आणि विमानाची वाट एकच पडली, की संकट उभे राहते.

आधी ही राख म्हणजे काय ते पाहू. चुलीतल्या राखेत लाकडातला क्षार उरतो. ती मऊ असते आणि तिच्यातला बराच भाग पाण्यात विरघळतो. म्हणून तर आपल्या आजीने राखेचे पाणी कपडे धुवायला वापरले. ज्वालामुखीची राख पाण्यात विरघळत नाही. जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात वायू आणि वाफ कोंडलेली असते. सोड्याची बाटली हलवून बूच काढले तर काय होते, ते जत्रेत सगळ्यांनी पाहिले आहे. तसाच तो खडक वर येताना फसफसतो. त्याचे लाखो बुडबुडे फुटतात, आणि बुडबुड्यांच्या भिंती थंड होता होता काचेच्या बारीक चिळप्या होऊन उडतात. त्यांच्याबरोबर जुन्या खडकाचा चुराही असतो. दोन मिलिमीटरच्या आतल्या अशा कणांना शास्त्रात राख म्हणतात. दूरवर जाते ती तर पिठाहून बारीक. पण ते पीठ काचेचे असते, धारदार आणि टणक.

इथे एक शंका येईल. आपला सगळा मुलूख ज्वालामुखीच्या खडकाचा आहे असे शाळेत शिकवतात, ते कसे? ते खरेच आहे. शिरूरला विहीर खणताना मुरूम लागतो, मग काळा पाषाण लागतो, मध्येच मांजऱ्या लागतो, कधी गेरूसारखा तांबडा थर लागतो. हे सगळे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे लाव्ह्याचे थर आहेत. तो लाव्हा बहुतांशी जमिनीच्या लांबलांब भेगांतून वर आला आणि काकवी सांडावी तसा पसरला. त्याला थंड होऊनही युगे लोटली. म्हणून आपल्या काळ्या दगडातून उद्या धूर निघेल अशी धास्ती कोणी घेऊ नये. आजमितीला भारतात जागता ज्वालामुखी एकच, अंदमानातले बॅरन बेट. श्री विजयपुरम म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, तिथून ते सुमारे १४० किलोमीटरवर आहे. दीडशेहून अधिक वर्षे निजून ते १९९१ साली जागे झाले, आणि त्यानंतरही अधूनमधून फुरफुरत असते.

आता विमानाला या राखेचे भय किती, हे ज्या रात्री जगाला कळले त्या रात्रीची हकीकत सांगतो. त्या हकीकतीत आपली मुंबईही आहे.

२४ जून १९८२. ब्रिटिश एअरवेजचे एक जंबो जेट, चार इंजिनांचे, लंडनहून न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला निघाले होते. वाटेत मुंबई, मद्रास आणि क्वालालंपूर हे मुक्काम घेऊन ते आता ऑस्ट्रेलियातल्या पर्थकडे चालले होते. आत २४८ प्रवासी आणि १५ कर्मचारी. कप्तानाचे नाव एरिक मूडी. रात्रीची वेळ. जावा बेटाच्या दक्षिणेला, समुद्रावर, ३७ हजार फूट उंची. हवा स्वच्छ, रडारच्या पडद्यावर ढगाचा मागमूस नाही.

तेवढ्यात समोरच्या काचेवर निळसर पांढऱ्या ठिणग्या नाचू लागल्या. वादळी हवेत जहाजाच्या डोलकाठीवर असा उजेड दिसतो, तो खलाशांच्या ओळखीचा आहे. पण इथे वादळच नव्हते. मग प्रवाशांच्या दालनात धुरासारखे काही तरी भरू लागले आणि गंधकाचा वास सुटला. खिडकीतून पाहणाऱ्यांना इंजिने आतून दिवा लावल्यासारखी उजळलेली दिसली. आणि मग एक इंजिन बंद पडले. पाठोपाठ दुसरे. आणि त्यानंतर उरलेली दोन्ही जवळजवळ एकदमच.

चारी इंजिने बंद! त्या जातीच्या विमानावर पूर्वी असे कधी झाले नव्हते. इंजिनाविना विमान दगडासारखे पडत नाही, हे इथे सांगितले पाहिजे. ते घारीसारखे तरंगत तरंगत खाली येते. पण खाली येते हे नक्की. वैमानिकांनी तोंड जाकार्ताकडे वळवले. मध्ये जावाचे डोंगर, अकरा हजार फुटांपेक्षा उंच. बारा हजार फुटांपर्यंत इंजिन चालू झाले नाही तर मागे फिरून काळोखात समुद्रावर उतरायचे, असा त्यांचा हिशेब होता. समुद्रावर रात्री जंबो उतरवणे म्हणजे काय, ते न बोललेले बरे. मूडीने प्रवाशांना शांत आवाजात सांगितले, की थोडी अडचण आहे, चारी इंजिने थांबली आहेत, आणि ती पुन्हा चालू करण्याचा आमचा आटोकाट प्रयत्न चालू आहे. पुढे हे बोल जगभर गाजले. मला त्यातले "थोडी" हे फार आवडते.

इंजिने चालू करण्याचा प्रयत्न पुन्हापुन्हा होत होता. काही प्रवासी घरच्यांना निरोप लिहीत होते. सुमारे तेरा मिनिटे अशी गेली. साडेतेरा हजार फुटांच्या आसपास एक इंजिन धरले, मग दुसरे, मग राहिलेली दोन. पुढे विमान थोडे वर नेताच तोच उजेड पुन्हा दिसला आणि एक इंजिन पुन्हा बिघडले. तीन इंजिनांवर जाकार्ता गाठले. तिथे दुसरेच संकट. समोरची काच अशी खरवडली गेली होती, की दुधी काचेच्या खिडकीतून पाहावे तसे धावपट्टीचे दिवे दिसत होते. कडेला एक अरुंद पट्टी तेवढी स्वच्छ राहिली होती. तिच्यातून पाहत विमान उतरवले. २६३ जीव सुखरूप.

दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. जावातला गालुंगगुंग ज्वालामुखी त्या दिवसांत फुटत होता, आणि त्याच्या राखेच्या ढगातून हे विमान गेले होते. गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, तीन आठवडेही झाले नाहीत तो सिंगापूरचे दुसरे जंबो त्याच ज्वालामुखीच्या राखेत सापडले आणि त्याचीही इंजिने बंद करावी लागली.

पण पिठासारख्या राखेने एवढी प्रचंड इंजिने बंद का पडावीत? शिक्षक बंधुभगिनींनो, हा भाग वर्गात सांगण्याजोगा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुमच्या ट्रॅक्टरलाही हवा लागते. मळणीच्या दिवसांत भुसा आणि धूळ उडते, म्हणून त्याला एअर क्लीनर बसवलेला असतो. तो वेळेवर साफ केला नाही तर इंजिन दम टाकते, हे मी तुम्हाला सांगायला नको. जेट इंजिनाला असा क्लीनर नसतो, आणि बसवताही येत नाही, कारण ते हवा खाते किती! सर्वांत मोठी इंजिने उड्डाणाच्या वेळी दर सेकंदाला एक टनाहून अधिक हवा आत ओढतात. एवढ्या झोताला गाळणी लावली तर विमान उडायचेच नाही. तेव्हा हवेत जे असेल ते आत जाते.

आत गेलेली हवा आधी पात्यांच्या रांगांमधून दाबली जाते. राख त्या पात्यांच्या कडा कुरतडते. मग येते भट्टी, जिथे रॉकेलच्या जातीचे इंधन जळते. तिथे उष्णता १४०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त. ज्वालामुखीची राख सुमारे ११०० अंशांनाच मऊ होऊन वितळू लागते. म्हणजे भट्टीत तिची पातळ काच होते. ती पुढच्या पात्यांवर जाऊन आपटते, तिथे थोडे गार असते, आणि तिथेच चिकटते. वीटभट्टीत जास्त आच लागलेल्या विटा काचेसारख्या चकाकत एकमेकींना चिकटलेल्या तुम्ही पाहिल्या असतील, तसला प्रकार. भट्टीतून हवा बाहेर पडायच्या फटी अशा काचेने बुजत गेल्या, की हवेचा प्रवाह कोंडतो, उलटा फिरतो, आणि ज्योत विझते.

मग ती इंजिने पुन्हा कशी चालू झाली? विझलेले इंजिन थंड झाले. काच गार होऊन तडकली आणि तिचे पोपडे सुटून बाहेर फेकले गेले. शिवाय विमान तोवर राखेच्या खाली स्वच्छ हवेत आले होते. म्हणजे इंजिन विझले हेच एका परीने वाचण्याचे कारण झाले.

यातून वैमानिकांना जो नियम शिकवतात तो मनाच्या ओढीच्या उलट आहे. धोका दिसला की जोर लावून वर निघून जावे असे कोणालाही वाटेल. १५ डिसेंबर १९८९ रोजी अलास्कात केएलएम कंपनीच्या विमानाने तेच केले. रिडाउट ज्वालामुखीच्या राखेत शिरल्यावर वैमानिकांनी इंजिनांचा जोर वाढवून वर चढायला घेतले. जोर वाढला तशी भट्टी अधिक तापली, राख अधिक वितळली, आणि बघता बघता चारी इंजिने बंद. विमान चौदा हजार फुटांच्या आसपास खाली घसरले, मग इंजिने धरली आणि ते अँकरेजला उतरले. सगळे बचावले. विमान सहा महिन्यांचेही नव्हते आणि दुरुस्तीचा खर्च मात्र सुमारे आठ कोटी डॉलर झाला. म्हणून आता शिकवतात ते असे: जोर कमी करा आणि आल्या वाटेने माघारी वळा.

इंजिनांखेरीज इतरही अवयवांना ही राख छळते. वेग मोजण्यासाठी विमानाच्या नाकाशी हवेच्या नळ्या असतात. त्या बुजल्या की काटा खोटे सांगतो. घर्षणाने वीज साठते, तिच्यामुळे त्या ठिणग्या दिसतात आणि बिनतारी संदेशात खरखर येते. आणि सर्वांत वाईट म्हणजे विमानाचे रडार हिला ओळखत नाही. ते रडार पावसाच्या थेंबांसाठी केलेले असते. ही राख कोरडी आणि बारीक, पडद्यावर काहीच उमटत नाही. रात्री तर डोळ्यांनाही ती साध्या ढगासारखी दिसते किंवा दिसतच नाही.

तेव्हा उपाय एकच, आधी कळणे. त्यासाठी जगात नऊ ठिकाणी राखेवर पाळत ठेवणारी केंद्रे नेमली आहेत. उपग्रहाच्या चित्रांवरून आणि वरच्या वाऱ्यांच्या गणितावरून ती सांगतात, की ढग अमुक उंचीवर आहे आणि सहा तासांनी, बारा तासांनी अमुक ठिकाणी असेल. हायली गुब्बीच्या वेळी हे काम फ्रान्समधल्या तुलूझच्या केंद्राने केले. अंदमानच्या बॅरन बेटाची राख ऑस्ट्रेलियातले डार्विन केंद्र पाहते. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २४ नोव्हेंबर २०२५ रोजी कंपन्यांना सूचना काढली, की राखेचा टापू आणि त्या उंच्या टाळा, वाट आणि इंधन त्या हिशेबाने ठरवा, इंजिनात काही वेगळे जाणवले किंवा आत धूर वा वास आला तर तात्काळ कळवा. दौंडकरांना हे चटकन समजेल. पुण्याकडचा लोहमार्ग अडला, की गाड्या दौंड-मनमाडने वळवतात, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की गाडी सिग्नलपाशी उभी राहू शकते, विमानाला आकाशात उभे राहता येत नाही. म्हणून जास्तीचे इंधन आधीच भरून घ्यावे लागते.

त्या ढगाचा वेग मुलांकडून काढून घ्या. आपल्या घड्याळाप्रमाणे रविवारी दुपारी दोनच्या सुमारास उद्रेक, सोमवारी रात्री अकराच्या सुमारास ढग दिल्लीवर. म्हणजे तेहतीस तास. अंतर चार हजार किलोमीटरच्या थोडे वर. भागाकार केला, की तासाला सव्वाशे किलोमीटर येतात. हिवाळ्यात आपल्याकडे फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांचा हा वेग. मंगळवारी, २५ तारखेला संध्याकाळपर्यंत तो ढग भारत सोडून चीनकडे गेलाही. इकडे अफारमधल्या धनगरांच्या मागे मात्र पीडा राहिली. माणसे दगावली नाहीत, पण गावे राखेखाली गेली आणि गुरांना चरायला गवत उरले नाही. आपल्याकडच्या बातम्यांत विमानांचीच चर्चा जास्त झाली. ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याला दुसरी बातमी जास्त लागली असती.

किती राख म्हणजे फार, यावर मोठा वाद झाला तो २०१० साली. त्या वर्षी एप्रिलात आइसलंडमधला ज्वालामुखी फुटला. त्याचे नाव एय्याफ्यात्लायोकुत्ल, मुलांना म्हणायला सांगा, तास मजेत जाईल. युरोपचे आकाश जवळजवळ आठवडाभर बंद राहिले, सुमारे एक लाख उड्डाणे बुडाली आणि एक कोटीच्या घरात प्रवासी अडकले. केनियातल्या शेतकऱ्यांची युरोपला जाणारी फुले गोदामात कुजली. तोवर नियम होता, की राख दिसली की उडायचे नाही. नुकसान पाहून कंपन्या ओरडू लागल्या, तेव्हा युरोपात मर्यादा ठरली: एका घनमीटर हवेत दोन मिलिग्रॅमपर्यंत राख चालवून घ्यायची. हे अगदी नगण्य वाटते. पण इंजिन सेकंदाला हजार घनमीटर हवा ओढते असे धरा. सेकंदाला दोन ग्रॅम, म्हणजे तासाला सात किलोच्या वर! त्यातली बरीच हवा भट्टीच्या बाहेरून निघून जाते हे खरे, तरी उरलेली थोडी नव्हे. कंपन्यांचे नुकसान मला दिसते. तरीही माझे मत विचाराल तर शंका असेल तेव्हा विमान जमिनीवर असलेले बरे. राखेमुळे प्रवासी विमान कोसळून माणसे मेल्याची नोंद आजवर नाही. ती न होण्यात नशिबाचा वाटा किती आणि सावधपणाचा किती, हे १९८२ ची हकीकत ऐकल्यावर तुम्हीच ठरवा.

राखेचे सगळेच खेळ भयंकर नसतात, हेही सांगतो. १८८३ च्या ऑगस्टात क्राकाटोआ फुटला, तेव्हा पुढे कित्येक महिने पृथ्वीभर संध्याकाळी आभाळ लालभडक दिसत असे. त्या सप्टेंबरात मद्रास आणि सिलोनकडच्या लोकांनी चक्क हिरवा सूर्य पाहिल्याच्या नोंदी आहेत.

आता शेवटची गोष्ट, आणि ती अगदी आपल्या अंगणातली. परदेशच्या ज्वालामुखीची राख आपल्याकडे आली ती काही २०२५ सालीच पहिल्यांदा नव्हे. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी नावाचे गाव आहे. हीच कुकडी पुढे निघोज आणि टाकळी हाजी यांच्यामध्ये कातळात रांजणखळगे कोरते, शिरूरच्या परिसरात घोडनदीला मिळते, आणि घोड दौंडजवळ भीमेत जाते. बोरीला नदीच्या काठाच्या दरडीत, तांबूस पिवळ्या गाळाच्या मध्येच, एक फिकट करडा थर दिसतो. हाताला पिठूळ लागतो. तो थर म्हणजे ज्वालामुखीची राख. तशीच राख बारामती तालुक्यात मोरगावला कऱ्हेच्या काठीही सापडली आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या संशोधकांनी या जागा अभ्यासल्या. बोरीला त्या थराच्या संगतीत आदिमानवाची दगडी हत्यारेही मिळाली.

ती राख आली कुठून? आपल्या सह्याद्रीतून नव्हे. तिच्यातल्या काचेचे घटक तपासले, तेव्हा ते इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीशी जुळले. टोबा आपल्यापासून तीन हजार किलोमीटरहून दूर. तो सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी असा फुटला, की त्याच्या जागी आज शंभर किलोमीटर लांबीचे सरोवर आहे. टोबा त्याआधीही फुटला होता, सुमारे आठ लाख वर्षांपूर्वी. बोरीची राख यातल्या कोणत्या वेळची, यावर पंडितांचे भांडण आहे. एका मोजणीत तिचे वय चौदा लाख वर्षे आले, दुसरीत पावणेसात लाख, आणि काचेच्या जुळणीवरून काही जण पाऊण लाख सांगतात. हत्यारांचे वयही त्यावर अवलंबून, म्हणून भांडण जोराचे. पडली तेव्हा ती राख काही बोटेच जाड असेल. पुढे पावसाने ती उतारांवरून धुऊन आणली आणि नदीच्या खोलगट जागी साठवली, म्हणून आज तिचा थर जाड दिसतो. जी साठली नाही ती घोडेतून, भीमेतून, शिरूर-दौंडच्या मळ्यांशेजारून वाहत गेली.

शाळेची सहल बोरीला नेणार असाल तर पाऊस सरून नदीचे पाणी उतरल्यावर न्या. मुलांना दरडीखाली उभे करू नका, काठ ठिसूळ असतात. थर उकरू नका, अभ्यासकांना तो जसाच्या तसा हवा असतो. खाली घसरून पडलेली चिमूटभर पुरे. ती पाण्यात घोळून गढूळ पाणी ओतून द्या, तळाशी राहील ते वाळवा आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीवर पसरा. फुटक्या बांगडीच्या तुकड्यांसारख्या वाकड्या, पारदर्शक चिळप्या दिसतील. त्या बुडबुड्यांच्या भिंती आहेत. शेजारी दुसऱ्या काचपट्टीवर चुलीतली राख ठेवा आणि मुलांनाच फरक सांगू द्या.